माफीनंतरचे गोखले

वेल्बी आयोगापुढे एप्रिल १८९७ मध्ये लंडन येथे हिंदुस्थानच्या आर्थिक कारभारावर साक्ष दिली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले अवघे तीस वर्षांचे होते. उलटतपासणीला त्यांनी आकडेवारीनिशी दिलेल्या उत्तरांची वाखाणणी झाली. परंतु या कीर्तीपाठोपाठच मानहानीचा प्रसंग ओढवला.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमल्याने शहर संतप्त झाले होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांतील एकीने जीव दिला, असे गोखल्यांना पुण्याच्या पत्रांतून कळले. पत्रलेखकांवर विश्वासून त्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले. २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. सरकारने आरोप नाकारून पुरावा मागितला.

मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी चौकशी केली. परंतु सिद्ध करता येईल असा पुरावा हाती आला नाही. पत्रलेखकांची नावे सांगून जबाबदारी त्यांच्यावर ढकलणे शक्य होते. तसे न करता त्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये आरोप बिनशर्त मागे घेतले आणि गव्हर्नर व सैनिक यांची जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटे ठरवले. स्वकीयांनी भ्याड म्हटले. मूळच्या हळव्या स्वभावाच्या गोखल्यांना हे घाव खोल लागले.

तरीही त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले नाही, की टीकाकारांशी वादही मांडला नाही. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला, तेव्हा ज्या कामावरून नाचक्की झाली त्याच कामात ते स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. पुढे कलकत्त्यास केंद्रीय कायदेमंडळात २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. जनता हलाखीत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक साठते, म्हणजे करांचा बोजा अवाजवी आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले व मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ मध्ये तो कर उतरला. १९०५ मध्ये काशीच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आठ वर्षांपूर्वी उपहासाचा विषय झालेल्या माणसाला देशाने दिलेला हा कौल होता.

टीका मात्र थांबली नाही. जहालांना ते मवाळ वाटत, सरकारला धोकादायक. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाकडे पहिले पाऊल टाकणारे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. हा पराभव गृहीत धरूनच गोखले लढले होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, अशी त्यांची धारणा होती. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा त्यांच्या निधनाला पंचाण्णव वर्षे लोटली होती.

निंदा झोंबू नये इतके मन निबर करणे म्हणजे धैर्य नव्हे. चूक असेल तेवढी पदरात घ्यावी, तिचे ओझे दुसऱ्यावर टाकू नये आणि उरलेले उत्तर कामाने द्यावे, ही रीत गोखल्यांच्या आयुष्यात दिसते. शाळेत चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडायला शिकलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची वाटेल.