रमण्यापासून फेलोशिपपर्यंत : पुण्याच्या दक्षिणानिधीचें स्थित्यंतर

पेशव्यांच्या दक्षिणेविषयीं दोन समज रूढ आहेत. एक असा कीं, ती ब्राह्मणभोजनाचेंच एक रूप होती. दुसरा असा कीं, इंग्रजी अंमल येतांच विद्येचा हा आश्रय तुटला. दोन्ही समज अर्धेच खरे आहेत. आमच्या मतें या निधीचा खरा इतिहास रकमेंत नाहीं. ती कोणास व कोणत्या अटीवर द्यावी, या नियमांत आहे.

सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं श्रावणमासांत विद्वानांस दक्षिणा देण्याचा परिपाठ घातला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले व पुढें हा परिपाठ बाजीरावांनीं पुण्यास चालविला. पर्वतीनजीकच्या रमण्यांत वेद व शास्त्रें यांत परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे. आपला सख्खा बंधु आला असतांहि रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यास सामान्य भिक्षुकाइतकीच दक्षिणा दिली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, परीक्षकाकडून लोकांची अपेक्षा काय होती हें तीवरून दिसतें. परंतु या परीक्षेचें द्वार एकाच वर्णास उघडें होतें, हेंहि येथें स्पष्ट म्हटलें पाहिजे.

१८१८ सालीं राज्य गेलें. दानधर्माचा मोठा भाग बंद झाला, तरी विद्वानांची ५०,००० रुपयांची दक्षिणा एल्फिन्स्टन यांनीं राखिली. याच निधीच्या एका अंशावर ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत हिंदू कॉलेज स्थापन झालें. तेथें शास्त्र्यांस पगार व विद्यार्थ्यांस वेतन मिळूं लागलें. वर्षांतून एकदां मिळणारें दान अशा रीतीनें महिन्याचें साहाय्य झालें.

१८३६ सालीं सरकारनें दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घेण्याचें बंद करण्याचें ठरविलें. जुन्या शास्त्र्यांस ती आजन्म राहिली. परंतु नांव यादींतून गळतांच शिष्याच्या हातीं कांहींच उरत नसे. संस्कृताच्या अभ्यासकास ही हानि सोसवत नाहीं. तथापि जी रक्कम वांचली, तिचें काय झालें हेंहि पाहिलें पाहिजे. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळींनीं, या पैशांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें द्यावीं, असा अर्ज केला. पुण्यांतील सनातनी पक्ष त्यामुळें क्षुब्ध झाला. तरी १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. पुढल्याच वर्षीं जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांस याच निधींतून मासिक ७५ रुपयांचें साहाय्य सुरू झालें. ज्या द्रव्यास पूर्वी शूद्र व स्त्रिया यांचा स्पर्शहि होत नसे, तें त्यांच्याच शिक्षणाकडे वळलें.

पुढें कॉलेजांतील होतकरू विद्यार्थ्यांसाठीं दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. फेलोनें आपला अभ्यास चालवावा व खालच्या वर्गांसहि शिकवावें, असा क्रम असे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, गोपाळ गणेश आगरकर हे सर्व दक्षिणा फेलो होते. निधीचें जुनें नांव राहिलें. मात्र तो दात्याच्या पुण्यासाठीं न राहतां घेणाऱ्याच्या अध्ययनासाठीं झाला.

तात्पर्य हें कीं, परीक्षा शिथिल झाली तेव्हां दक्षिणेचें दान झालें, आणि द्वार अरुंद राहिलें तोंवर तिचा लाभ समाजास पोंचला नाहीं. विद्यार्थिसाहाय्याचा कायदा करणारास आजहि हे दोन्ही प्रश्न चुकत नाहींत. ज्या सद्गृहस्थांच्या संग्रहीं रमण्याच्या याद्या, दक्षिणेच्या पावत्या किंवा शास्त्र्यांचे अर्ज असतील, त्यांनीं ते हिशेबाचे कागद म्हणून दुर्लक्षूं नयेत. कोणास किती मिळालें याबरोबरच कोणास नाकारलें, हेंहि त्यांतूनच कळण्याजोगें आहे.