रिलॅक्सर, लोकर आणि रुंद दातांचा कंगवा

१९८४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या रसायनशास्त्राला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात आफ्रिकी वंशाच्या केसांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते यश कामत, हॉर्नबी आणि वाइगमन. संस्था होती प्रिन्स्टन येथील टेक्स्टाइल रिसर्च इन्स्टिट्यूट. कापूस, लोकर आणि नायलॉन यांचे धागे ताणून तोडण्याचा व्यासंग असलेल्या या संस्थेत आता माणसाचा केस यंत्राच्या चिमट्यात धरला गेला होता. धागा नेमका कुठे तुटतो आणि तुटलेले टोक काय सांगते, हा वस्त्रशास्त्रातला जुना प्रश्न. अतिकुरळ्या केसाबाबत त्याचे उत्तर असे मिळाले, की केस जिथे पीळ घेऊन दिशा बदलतो, तिथेच तो तुटण्याची शक्यता अधिक असते. पुढच्याच वर्षी याच गटाने रासायनिक प्रक्रिया केलेल्या केसांचा असाच अभ्यास मांडला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दृष्टीने हा निव्वळ प्रयोगशाळेतला प्रश्न नव्हता. केस सरळ करणारा रिलॅक्सर सोडून मूळचे कुरळे केस वाढू देणारी स्त्री काही काळ एकाच डोक्यावर दोन प्रकारचे केस वागवते. मुळाकडचा भाग नव्याने उगवलेला आणि कुरळा, टोकाकडचा भाग सरळ आणि रसायनाने दुबळा झालेला. दोन्ही जिथे भेटतात त्या सांध्यावर केस सहज तुटतो. म्हणूनच या काळात केस किती दिवसांनी विंचरावेत, गुंता कसा सोडवावा, हे प्रश्न इतक्या पोटतिडकीने विचारले जातात. त्यांची उत्तरे समजून घ्यायची तर रिलॅक्सर म्हणजे काय, येथून आरंभ करावा लागतो.

केस सरळ करण्याची धडपड रिलॅक्सरहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मॅडम सी. जे. वॉकर यांच्या केशोपचारांचा अमेरिकेत मोठा बोलबाला झाला आणि तापवलेला लोखंडी कंगवा घरोघरी पोहोचला. (तो वॉकरबाईंनीच शोधला, असे अनेकदा लिहिले जाते, ते खरे नाही.) उष्णतेने सरळ झालेला केस पाण्याचा थेंब लागताच पुन्हा वळतो, कारण उष्णता केवळ हायड्रोजन बंध मोडते आणि पाणी ते पुन्हा जुळवते. याहून टिकाऊ उपाय पुरुषांनी आधी पत्करला. कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचा घरगुती लेप डोक्यावर थापून केस सरळ केले जात. त्या दाहाचे वर्णन माल्कम एक्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केले आहे आणि त्या वेदनेला आत्मावमानाची पहिली मोठी पायरी मानले आहे.

१९५४ साली शिकागोत जॉर्ज जॉन्सन आणि त्यांच्या पत्नी जोन यांनी २५० डॉलरच्या कर्जावर एक व्यवसाय उभारला. कॉस्टिक सोड्याला स्निग्ध, मलईसारख्या लेपात बसवून त्यांनी ते जहाल रसायन विकण्याजोगे केले. आधी पुरुषांसाठी आणि मग काही वर्षांतच स्त्रियांसाठी. १९७१ मध्ये त्यांची कंपनी अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तिला वेष्टनावर धोक्याची सूचना छापण्यास भाग पाडले. हेच रसायन विकणाऱ्या गोऱ्या मालकीच्या मोठ्या स्पर्धक कंपनीवर ती अट बऱ्याच उशिरा आली. पुढे ‘कॉस्टिकविरहित’ म्हणून ग्वानिडीन हायड्रॉक्साइडचे लेप बाजारात आले. नाव सौम्य असले तरी तेही तीव्र अल्कलीच.

या लेपाखाली केसात नेमके काय घडते, याचे उत्तर मात्र मेंढीच्या लोकरीतून आले. लोकर आणि केस, दोन्ही केराटिनचेच. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींशी बांधलेल्या असतात. केसाचा आकार आणि बळकटी यांचा मोठा वाटा या बंधांकडे जातो. १९४१ साली हॉर्न, जोन्स आणि रिंगेल या संशोधकांनी धुण्याच्या सोड्याची प्रक्रिया केलेल्या लोकरीतून एक नवे अमिनो आम्ल वेगळे केले. लोकरीच्या लॅटिन नावावरून त्याला लॅन्थिओनिन म्हटले गेले. अल्कलीमुळे दोन गंधकांच्या बंधातील एक गंधक निघून जातो आणि एकाच गंधकाचा नवा बंध तयार होतो. रिलॅक्सर हेच काम मानवी केसात करतो. केसातील सुमारे एक तृतीयांश सिस्टीनचे लॅन्थिओनिनमध्ये रूपांतर झाले, की केस सरळ राहतो. हा बदल उलटवता येत नाही. त्याचबरोबर केसावरील खवल्यांचे आवरण फुगते, उचलले जाते आणि केसाचे ताणबळ घटते. केस सरळ झाला म्हणजे ‘सैल’ झाला, ही कल्पना नावापुरतीच. रसायनशास्त्राच्या भाषेत तो जखमी झालेला असतो.

२००९ मध्ये विनोदी अभिनेते ख्रिस रॉक यांच्या ‘गुड हेअर’ या माहितीपटात सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा विरघळताना दाखवला गेला. त्याच चित्रपटात कॅमेरा तिरुमलाच्या केशदानापर्यंतही पोहोचला. अमेरिकेत जोडल्या जाणाऱ्या केसांचा मोठा भाग भारतातून जातो. रिलॅक्सर सोडण्याची लाट याच सुमारास जोर धरू लागली होती. तिला वैद्यकीय वजन पुढे मिळाले. अमेरिकेच्या ‘सिस्टर स्टडी’ या दीर्घकालीन अभ्यासातील ३३,४९७ स्त्रियांची सरासरी जवळजवळ ११ वर्षांची माहिती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के होता. वर्षाला चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत तो ४.०५ टक्के निघाला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, आणि त्यात सर्व प्रकारची उत्पादने एकत्र धरलेली आहेत. तरीही मागील वर्षात ही उत्पादने वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, ही गोष्ट आकड्यांइतकीच बोलकी आहे.

सोडायचे ठरवले तरी सुटका एका दिवसात होत नाही. २००१ मधील एका मोजणीत आफ्रिकी केस दिवसाला सरासरी २५६ मायक्रोमीटर आणि युरोपीय केस ३९६ मायक्रोमीटर वाढताना आढळले. म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रीचे नवे केस वर्षात सव्वानऊ सेंटिमीटरच्या आसपास वाढणार. सारे जुने केस एकदम कापून टाकले तर प्रश्न मिटतो. पण ते ज्यांना नको असते त्यांना वर्ष-दोन वर्षे त्या सांध्यासह राहावे लागते.

आता कंगव्याचा प्रश्न. रोज विंचरावे, हा सरळ केसांच्या समाजातला शिरस्ता येथे घातक ठरतो. केपटाउनच्या त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्हला खुमालो आणि सहकाऱ्यांनी २००० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा रसायन न लावलेल्या आफ्रिकी केसांतही गाठी विपुल आढळल्या आणि बहुतेक टोके तुटलेली निघाली. केस वाढत नव्हते असे नाही. ते वाढत होते आणि विंचरताना, हाताळताना तुटत होते. मग अजिबात विंचरूच नये काय? तसेही चालत नाही. कुणाच्याही डोक्यावरून दिवसाला ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वळणांतच अडकून राहतात आणि शेजारच्या केसांना गुंडाळून घेतात. दोन-तीन आठवडे हात लावला नाही, तर हेच मृत केस गुंत्याचे जाळे विणतात, आणि ते सोडवताना सर्वाधिक ताण येतो तो नेमका सांध्यावर.

या दोन संकटांमधून जी वाट निघाली ती साधारण आठवड्यातून एकदा, केस धुण्याच्या दिवशी गुंता सोडवण्याची; फार तर दहा दिवसांनी. मधल्या दिवसांत केस सैल वेण्यांत किंवा पेडांत बांधून ठेवायचे आणि बोटांपलीकडे काही लावायचे नाही. पद्धतीलाही कारणे आहेत. सरळ केस ओला असताना विंचरणे अधिक कठीण जाते. अतिकुरळा केस मात्र ओला झाल्यावर त्याची वळणे सैल पडतात आणि कंगव्याला कमी जोर लागतो. म्हणून भरपूर कंडिशनर लावून, ओल्या केसांचे लहान भाग पाडून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने काम करायचे. आरंभ टोकाकडून, मग हळूहळू मुळाकडे. मुळापासून एकदम ओढले तर वाटेतल्या सर्व गाठी खाली सरकून एकत्र घट्ट होतात. क्लॅरेन्स रॉबिन्स आणि तेच यश कामत यांनी २००७ मध्ये विंचरताना होणाऱ्या तुटीवर निबंधमालिका लिहिली. एका केसाने दुसऱ्याभोवती फास घातला असता कंगव्याच्या अचानक झटक्याने तो तुटतो, असे त्यांचे विवेचन आहे. झटका टाळणे हे बळ कमी लावण्याइतकेच महत्त्वाचे, हे त्यावरून उमगते.

तेलाचा संदर्भ येथे मुंबईशी जुळतो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मॅरिकोच्या संशोधन विभागात केलेल्या अभ्यासांत खोबरेल तेलाने विंचरण्यामुळे होणारी हानी घटताना दिसली. २००३ च्या त्यांच्या निबंधात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना असून, केसातील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने कमी झाली, असा निष्कर्ष आहे. लॉरिक आम्लाचे सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतात, हे त्याचे स्पष्टीकरण. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास म्हणून तो थोडा हातचा राखूनच वाचावा. परंतु तेल केसात शिरते, हे प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने झालेल्या स्वतंत्र पद्धतीच्या मोजणीतही दिसले आहे. तो अभ्यास रिलॅक्सरचा नव्हता. मात्र धुण्याआधी तेल लावण्याची आजीची रीत सांध्यावरच्या केसालाही अपायकारक नाही, एवढे म्हणता येते.

भारतातील पार्लरांत कॉस्टिकचा रिलॅक्सर क्वचित, ‘रिबाँडिंग’ अधिक. त्यात थायोग्लायकोलेट डायसल्फाइड बंध तोडते आणि नंतरचे ऑक्सिडीकारक द्रव्य केस सरळ धरून ते पुन्हा जोडते. या प्रक्रियेचे मूळही केराटिनच्या अभ्यासातच आहे. गोडार्ड आणि मायकेलिस यांनी १९३४ साली थायोग्लायकोलिक आम्ल केराटिनचे बंध तोडते, हे दाखवले होते. येथे लॅन्थिओनिन होत नाही, म्हणून रिबाँडिंग केलेल्या केसांवर कधीही रिलॅक्सर लावू नये. दोन निराळ्या रसायनांचा मारा केसाला सोसवत नाही. भारतीय केस बहुधा लहरदार असल्याने मुळाशी उगवणारी लहर आणि खालचा सरळ भाग यांतला फरक अतिकुरळ्या केसाइतका तीव्र नसतो, आणि गळालेले केसही तितके अडकून राहत नाहीत. त्यामुळे रिबाँडिंग सोडणाऱ्या तरुणीने आठवड्यातून एकदाच विंचरण्याचा नियम जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. टोकाकडून आरंभ करण्याचा आणि रुंद दातांच्या कंगव्याचा नियम मात्र तिलाही तितकाच लागू पडतो.