ग्रीक महाकाव्यांतील वीर आणि जांबचा नारायण

श्रोतेहो, जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. तेथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली रामनवमीस नारायण जन्मास आला. तोच पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्रास वंद्य झाला, आणि गावासही लोक जांब समर्थ म्हणू लागले. अशा गावातून उठून आपणांस ट्रॉयच्या रणांगणावर नेणे कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु वीर कोणास म्हणावे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो.

होमरच्या नावावर चालत आलेली ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही महाकाव्ये प्रत्येकी २४ सर्गांची आहेत. ‘इलियड’चा नायक अकिलीज बळाने सर्वांत श्रेष्ठ होता, हे खरे, पण केवळ बळ म्हणजे वीरत्व नव्हे. नवव्या सर्गात तो सांगतो की, त्याच्या आईने, थेटिस देवीने, त्यास दोन भवितव्ये कथन केली आहेत. ट्रॉयपुढे लढत राहिला, तर घरी परतणे नाही, परंतु कीर्ती अक्षय राहील. घरी परतला, तर आयुष्य दीर्घ लाभेल, परंतु कीर्ती लोपेल. पुढे त्याचा मित्र पॅट्रोक्लस रणात पडतो. हेक्टरला मारल्यावर आपलेही मरण ओढवणार, हे ठाऊक असूनही अकिलीज शस्त्र हाती घेतो. अमर देवांना असे काही पणास लावता येत नाही. ते मर्त्य मनुष्यालाच साधते.

पण ही किंमत एकटा वीरच देतो काय? होमर येथे फार प्रामाणिक आहे. अखेरच्या सर्गात हेक्टरचा वृद्ध पिता प्रायम पुत्राचे शव मागण्यासाठी अकिलीजच्या तंबूत येतो, आणि ज्या हातांनी पुत्र मारला तेच हात चुंबून, ‘आपल्या पित्याची आठवण कर,’ अशी त्यास विनवणी करतो. तेव्हा वैरी असलेले ते दोघे एकत्र रडतात. ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस २० वर्षांनी घरी पोहोचतो, परंतु तत्पूर्वीच मृतांच्या लोकी त्यास आपली आई भेटलेली असते. पुत्राच्या ध्यासानेच तिचा प्राण गेलेला. तो तीनदा तिला कवटाळू पाहतो, आणि तीनदा ती छायेप्रमाणे निसटते.

आता जांबेस परतू. परंपरा सांगते की, १२ वर्षांचा नारायण ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीस १२ वर्षे तप, नंतर १२ वर्षे देशाटन, आणि मग तो घराच्या दारी आला. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे सांगतात. ओडिसियसला जे भाग्य लाभले नाही, ते समर्थांना लाभले: आई भेटली, आणि मिठीत आली. परंतु ओडिसियस राहण्यासाठी परतला होता. समर्थ पुन्हा निघाले.

दोन्ही आदर्शांत एक मोठा भेद आहे. अकिलीजचा ध्यास स्वतःच्या मानाचा व कीर्तीचा. समर्थांनी सुंदर व युद्ध या कांडांवर रचना केली, कृष्णेच्या खोऱ्यात मारुतीची ११ स्थाने उभारली; त्यांचा वीर मारुती, ज्याचे सारे सामर्थ्य दुसऱ्याच्या कार्यास वाहिलेले. हा आदर्श मला अधिक उन्नत वाटतो. परंतु कार्य स्वतःचे असो वा रामाचे, घरी वाट पाहणाऱ्या आईचे दिवस त्यामुळे काही लहान होत नाहीत. होमरने ते दिवस आपल्या काव्यात जागविले. आपण मात्र थोरांची चरित्रे सांगताना ते पुष्कळदा दोन ओळींत संपवितो.

म्हणून श्रोतेहो, कधी जांबेस जाणे झाले, तर समर्थांपुढे हात जोडताना त्याच घरात २४ वर्षे वाट पाहणाऱ्या राणूबाईंचेही क्षणभर स्मरण करावे.