निजेंतील श्वास आणि जबड्याचें साधन

घोरणारा मनुष्य सुखानें निजला आहे, अशी लोकांची पूर्वापार समजूत आहे. कुंभकर्णाची थट्टा करतांना सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं कीं, घोरतां घोरतां कित्येकांचा श्वासच अडतो. निजेंत जीभ व घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट दहा सेकंद किंवा अधिक काळ मिटते, रक्तांतील प्राणवायु उतरतो आणि मनुष्य गुदमरून अर्धवट जागा होतो. रात्रभर हाच क्रम चालला म्हणजे दिवसां डुलक्या आणि वाढता रक्तदाब हीं ओघानेंच आलीं.

या विकाराचें वैद्यकीय ज्ञान फार जुनें नाहीं. फ्रान्स व जर्मनींतील संशोधकांनीं १९६५ सालीं निद्रेच्या आलेखावर अडलेला श्वास दाखविला. परंतु नवल असें कीं, त्यावरील एका उपायाचें बीज त्यापूर्वींच पडलें होतें. प्येर रोबँ या फ्रेंच दंतवैद्यानें १९०२ सालीं खालचा जबडा पुढें धरणारें साधन वर्णिलें, आणि १९२३ सालीं मागें पडणाऱ्या जिभेमुळें मुलांचा श्वास कसा कोंडतो तें सांगितलें. प्रौढांसाठीं मात्र तो विचार पुढें कित्येक वर्षें मागेंच राहिला.

१९८१ सालीं ऑस्ट्रेलियांत कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटें हवेचा दाब देणारें यंत्र सिद्ध केलें. तें गुणकारी ठरलें. पण मुखवटा बांधून निजणें पुष्कळांना असह्य होई. १९८२ सालीं शिकागोंत रोझालिंड कार्टराइट व त्यांचे सहकारी यांनीं जीभ पुढें धरणारें साधन वापरून पाहिलें. १९८४ सालीं जर्मनींत जबडा पुढें आणणाऱ्या साधनाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तत्त्व साधें आहे: जबडा पुढें आला कीं जीभही पुढें येते आणि वाट मोकळी होते. ज्यांना यंत्र सोसत नाहीं, त्यांना हें साधन द्यावें, असा अमेरिकन तज्ज्ञसंस्थांनीं २०१५ सालीं निर्वाळा दिला.

हा विकार परदेशापुरता नाहीं. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या पाहणींत मध्यमवयीन पुरुषांपैकीं शेंकडा ७.५ जणांत लक्षणांसह हा विकार आढळला.

मग सुरगाण्याचें काय? १९४८ पर्यंत देशमुखांचें संस्थान असलेला हा डोंगराळ मुलूख गुजरातच्या सीमेला लागून आहे. रात्रीं वीज गेली तर हवेचें यंत्र थांबतें. दांतांत बसणाऱ्या साधनाला वीज लागत नाहीं. म्हणून दूरच्या पाड्यावरील रुग्णाला तें सोयीचें वाटावें हें स्वाभाविक आहे. तथापि तें बाजारांतून आणून तोंडांत घालण्याची वस्तु नव्हे. आधीं निद्रेची तपासणी हवी, मग दंतवैद्यानें घेतलेलें माप हवें, आणि साधन बसल्यावर पुन्हां तपासणी हवी; कारण घोरणें थांबलें तरी श्वास अडणें थांबलेंच असें नाहीं. कालांतरानें दांतांची ठेवणही बदलूं शकते.

साधन मुठींत मावतें, पण त्यामागें वैद्य व दंतवैद्य या दोघांचेंही ज्ञान उभें लागतें. तें ज्ञान घाट चढून पाड्यापर्यंत पोहोंचेल, तेव्हांच शंभर वर्षांपूर्वींच्या त्या कल्पनेचें चीज होईल.