प्रश्न विचारणारा प्रौढ : गोमंतकातील प्रौढ धर्मशिक्षणाचा एक धडा

धर्मग्रामात प्रौढांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग भरवावेत असे कोणी सुचविले की, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलेली नवी कल्पना आहे, असे पुष्कळांना वाटते. धर्मशिक्षण म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण करणाऱ्या मुलांची तयारी, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वस्तुतः आरंभीच्या शतकांत ख्रिस्तसभेची शाळा मुख्यत्वे प्रौढांचीच होती. सन 400 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी कार्थेज येथील देवोग्रातियास नावाच्या डिकनासाठी नवागतांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. श्रोत्याची पात्रता कशी ओळखावी आणि तेच ते शिकवून शिक्षकाला आलेला कंटाळा कसा दूर करावा, याचाही विचार त्यात आहे. ही परंपरा गोमंतकात कोणत्या वळणांनी गेली, आणि पेडणे व डिचोली या तालुक्यांत काम करणाऱ्या धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

दोन मार्ग

संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. हाती घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुले, गुलाम व नोकरचाकर यांना गोळा करून दोत्रिन शिकवीत. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी त्यांची प्रश्नोत्तरी छापून निघाली. धर्मग्रामांच्या शाळांतून अक्षरे, गायन आणि दोत्रिन ही एकत्र शिकविली जाऊ लागली. मुलांच्या शिक्षणाचा पाया अशा रीतीने लवकर घातला गेला.

प्रौढांच्या बाबतीत मात्र इतिहास इतका सरळ नाही. स्नानसंस्कारापूर्वी दीक्षार्थींना ठेवण्यासाठी स्वतंत्र गृह होते आणि त्यांची काळजी घेणारा 'ख्रिस्ती जनांचा पिता' नावाचा अधिकारी होता. परंतु याच काळात देवळे पाडली गेली, जुने ग्रंथ व उत्सव निषिद्ध ठरले. 1567 च्या पहिल्या प्रांतिक परिषदेनंतर तर ख्रिस्तेतर रहिवाशांनी ठरल्या दिवशी प्रवचनाला हजर राहावे, अशी सक्ती राज्यसत्तेकडून होऊ लागली. श्रोत्यांची संख्या वाढविण्याचा हा मार्ग होता. त्यातून कान मिळाले, पण मन मिळाले असे म्हणवत नाही. कारण ज्याला न येण्याची मुभा नाही, त्याला प्रश्न विचारण्याचीही मुभा नसते.

दुसरा मार्ग फादर थॉमस स्टीफन्स यांनी दाखविला. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघी धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. ती भूमी तेव्हा शांत नव्हती. देवळांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या कुंकळ्ळीत 1583 मध्ये पाच येशूसंघी मारले गेले, आणि पुढे सूड म्हणून त्या गावच्या प्रमुखांनाही कपटाने ठार करण्यात आले. अशा भूमीत राहून स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि 1616 मध्ये रायतूर येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले.

या पुराणाचा आरंभ आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना दोत्रिन शिकविणे चालले असता एक ब्राह्मण तेथे येतो आणि पाद्रीगुरूंपुढे आपली अडचण मांडतो. जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. दोत्रिन त्याला ठाऊक नाही असे नव्हे. ती त्याला पुरत नाही. मुलाला उत्तर पाठ करून चालते, प्रौढाला आपल्या आयुष्याला आधार देईल अशी कथा हवी असते. गुरू त्याला दटावीत नाहीत. त्या मागणीचे उत्तर म्हणजे दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ होय. ग्रंथातही श्रोते मध्येच शंका विचारतात आणि गुरू त्यांचे समाधान करतात. भाषेविषयीही तोच विवेक दिसतो. दैवी विषयांना मराठी योग्य म्हणून ती घेतली, परंतु सामान्य जनांना कळावे म्हणून स्थानिक बोलीतील सोपे शब्द तिच्यात मिसळले. हे पुराण साष्टीतील चर्चांतून रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सानंतर गायिले जाई. प्रौढांचा वर्ग याहून वेगळा तो काय?

खंड

ही परंपरा फार काळ टिकली नाही. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद दे आल्व्होर याने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा दिली. खेड्यांतील बोली फर्मानाने थांबली नाही, पण ग्रंथरचनेचा ओघ आटला. 'क्रिस्तपुराण'ही हस्तलिखितांच्या आधाराने टिकले; 1907 मध्ये मंगळूरला ते रोमन लिपीत पुन्हा छापले गेले आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती संपादित केली.

पेडणे व डिचोली हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे आले ते यानंतर पुष्कळ काळाने, अठराव्या शतकाच्या शेवटी : डिचोली 1780 नंतरच्या पहिल्या वर्षांत, पेडणे 1788 मध्ये. तोवर 1759 च्या हुकुमाने येशूसंघाची हकालपट्टी झाली होती, आणि नव्या काबिजादीतील रहिवाशांना त्यांचे धर्माचार पाळण्याची हमी देण्यात आली होती. म्हणून साष्टी-बारदेशप्रमाणे येथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली नाहीत. ख्रिस्ती समाज येथे अल्पसंख्य राहिला. शेजारी, शाळेतील गुरुजी व दुकानदार बहुधा हिंदू असतात. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वर तर मूळचा दिवाडी बेटावरचा. ते देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, देव नदीपलीकडे नेला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. डिचोलीचा ख्रिस्ती प्रौढ ही कथा शेजाऱ्याकडून ऐकतच असतो. आमच्या वर्गात तिला जागा नसेल, तर तिचे उत्तर त्याने कोठे शोधावे?

आजचे काम

व्हॅटिकन परिषदेने प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याने होणारी दीक्षार्थी-अवस्था पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला आणि 1972 मध्ये त्या विधीचे पुस्तक निघाले. 1979 च्या 'कातेकेसी त्रादेन्दे' या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप ठरविले. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत स्थान दिले. आज्ञा पुरेशा आहेत. उणीव असेल तर ती पद्धतीची. इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली, वर्गाचा आरंभ श्रोत्याच्या प्रश्नाने व्हावा. पहिल्या बैठकीत पुस्तक न उघडता केवळ प्रश्न लिहून घेतले तरी ती बैठक वाया गेली असे समजू नये.

दुसरी, भाषा व लिपी. 1961 नंतर या तालुक्यांत मराठी शाळांचा मोठा प्रसार झाला. येथील अनेक प्रौढ घरी कोंकणी बोलतात, अक्षरे शिकले ती मराठीत आणि देवनागरीत, पण उपासनेचे पुस्तक हाती येते ते रोमी लिपीत. वाचता न येणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे. स्टीफन्स यांनी 1608 मध्ये आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. तरीही त्यांचे पुराण रोमन लिपीतच छापावे लागले. त्यांना जे साधले नाही ते आज एका छपाईयंत्राने साधते. श्रोत्याला वाचता येईल त्या लिपीत पाठ देण्यास कोणतीही अडचण नाही.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. देवळे पाडली गेली, सक्ती झाली, हे प्रौढांच्या वर्गात लपवू नये आणि त्याचे समर्थनही करू नये. जो शिक्षक हे शांतपणे सांगू शकतो, त्याने सांगितलेली ख्रिस्ताची कथाही विश्वासार्ह ठरते. फिलिप्पाने रथात बसलेल्या हबशी अधिकाऱ्याला गाठले, तेव्हा प्रथम त्याला वाचलेले समजते काय हे विचारले आणि मग त्याच्याच शेजारी बसून उलगडा केला. साष्टीतील पाद्रीगुरूंनी तेच केले. पेडण्यात वा डिचोलीत मिस्सानंतर दहा-बारा माणसे थांबत असतील, तर त्यांच्या शेजारी बसणे हेच धर्मशिक्षकाचे पहिले काम आहे, असे आम्हांस वाटते.