किनाऱ्याकडून रुळाकडे : पालघर आणि बोईसर-तारापूर परिसराच्या बदलत्या केंद्रांचा इतिहास

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. सागरी, नागरी आणि डोंगरी अशा तिन्ही अंगांनी युक्त असलेल्या या जिल्ह्याचे मुख्यालय पालघर येथे आले. त्याच्या उत्तरेस काही किलोमीटरवर बोईसर हे औद्योगिक नगर आहे आणि बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रालगत, तारापूर हे जुने बंदराचे गाव आहे.

या तीन ठिकाणांच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या परिसराचे केंद्र कधीच एका जागी स्थिर राहिले नाही. ते बंदराकडून किल्ल्याकडे, किल्ल्याकडून रेल्वे स्थानकाकडे आणि तेथून कारखान्याकडे सरकत गेले. प्रत्येक वेळी ते कोठे असावे हे प्रामुख्याने बाहेरच्या गरजेने ठरविले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा, त्यातून घडलेल्या अर्थव्यवस्थेचा आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बंदरांचा काळ

तारापूर आणि चिंचणी ही खाडीच्या दोन बाजूंस वसलेली जोडगावे होत. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे या किनाऱ्याच्या प्राचीन इतिहासावर मोलाचा प्रकाश पडला. त्यांपैकी शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील ताम्रपट विशेष महत्त्वाचा आहे. त्यानुसार संयान मंडलाचा, म्हणजे आज गुजरातमध्ये असलेल्या संजाण परिसराचा कारभार 'मधुमती' नावाचा एक ताजिक, अर्थात अरब अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. या अधिकाऱ्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि अन्नछत्र घातले. तसेच एका ब्राह्मणाने स्थापन केलेल्या देवीच्या मठिकेस त्याच्या कारकिर्दीत दान देण्यात आले. कर्नाटकातील सम्राट, अरब अधिकारी आणि हिंदू मठिका यांचा एकाच दानपत्रात झालेला हा संयोग त्या काळच्या सागरी व्यापाराचे स्वरूप स्पष्ट करतो. बंदर सुरळीत चालावे, यासाठी राज्यकर्त्यांनी समुद्र जाणणाऱ्या माणसाकडे कारभार सोपविला, असे म्हणता येईल.

मध्ययुगात या परिसराचे केंद्र दक्षिणेकडे केळवे-माहीम येथे दिसते. 'महिकावतीची बखर' या ग्रंथाच्या नावातील महिकावती म्हणजे हेच माहीम. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ही बखर संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणातील वसाहती, कुळे आणि सत्तांतरे यांच्या अभ्यासासाठी ती आजही आधारभूत साधन मानली जाते.

पोर्तुगीज आणि मराठे

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि उत्तर कोकणाचा किनारा त्यांच्या 'उत्तर प्रांता'त गेला. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची साखळी या काळात बळकट झाली. हे किल्ले आकाराने फार मोठे नाहीत. खाडीच्या मुखावर नजर ठेवणे, जकात वसूल करणे आणि आसपासच्या बागायतीचे रक्षण करणे हा त्यांचा मुख्य हेतू होता.

चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत या साखळीला निर्णायक महत्त्व आले. वसईस उत्तरेकडून मिळणारी मदत तोडल्यावाचून मुख्य किल्ला हाती येणार नव्हता. त्यामुळे जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरची लढाई सर्वांत तिखट झाली. पहिल्या बाजीरावांचा विश्वासू सरदार बाजी भिवराव रेठरेकर येथेच गोळी लागून पडला. त्यानंतर मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात आली. वसईचा विजय सर्वतोमुखी झाला, परंतु त्या विजयाची वाट ज्या तारापुराने मोकळी केली, त्याची आठवण तुलनेने मागे पडली. पुढे तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी व्यापारी घराण्याकडे आला. लष्करी ठाण्याचे व्यापाऱ्याच्या मालमत्तेत झालेले हे रूपांतर बदललेल्या काळाची खूण होते.

रेल्वे आणि तालुक्याचे ठाणे

इंग्रजी अमलात बंदरांचे महत्त्व टप्प्याटप्प्याने ओसरले. मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला. हा मार्ग किनाऱ्यालगत न जाता खाड्यांची रुंद मुखे टाळून काही मैल पूर्वेकडून गेला. या एका तांत्रिक निर्णयाने परिसराचे भवितव्य बदलले. माहीम, सातपाटी, तारापूर ही गावे रुळांपासून दूर राहिली आणि पालघर, बोईसर, वाणगाव ही स्थानके माल व माणसे यांच्या ये-जा करण्याची ठिकाणे झाली.

प्रशासनास मात्र हा बदल मान्य करण्यास वेळ लागला. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या भागाचा उल्लेख 'माहीम तालुका' असाच आढळतो. पुढे ठाणे पालघरला हलले आणि तालुक्याचे नावही बदलले. शेकडो वर्षे प्रदेशाला नाव देणारे माहीम हे पालघर तालुक्यातील एक गाव होऊन राहिले. ज्ञानेश्वरीचे थोर अभ्यासक प्राचार्य सोनोपंत दांडेकर मूळचे केळवे-माहीमचे, तर त्यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय पालघरला आहे. किनाऱ्यावरील विद्वत्परंपरा रुळांजवळच्या नव्या गावात कशी आली, याचे हे एक उदाहरण होय.

१४ ऑगस्ट १९४२

केंद्र पालघरला आले असले तरी किनाऱ्याचा जोम संपला नव्हता. 'छोडो भारत' चळवळीत १४ ऑगस्ट १९४२ रोजी परिसरातील लोक तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आले. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ते नांदगाव, सातपाटी, मुरबे, सालवड आणि पालघर या गावांचे होते. ही गावांची यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. पाचांपैकी बहुतेक गावे किनाऱ्यावरची वा त्यालगतची आहेत. सत्तेचे ठाणे रुळांजवळ गेले, म्हणून दाद मागण्यासाठी किनाऱ्याला तेथवर चालत यावे लागले. पालघरमधील हुतात्मा स्तंभाचा चौक लोकांच्या तोंडी 'पाचबत्ती' या नावाने रूढ झाला असून दरवर्षी १४ ऑगस्टला तेथे हुतात्म्यांना अभिवादन केले जाते.

अणुशक्ती आणि औद्योगिक वसाहत

स्वातंत्र्यानंतर केंद्र पुन्हा सरकले. १९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या करारानुसार तारापूर गावाच्या दक्षिणेस देशातील पहिले व्यापारी अणुविद्युत केंद्र उभे राहिले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याची वीज उपलब्ध झाली. थंड ठेवण्यासाठी समुद्राचे मुबलक पाणी, मुंबई व गुजरातमधील विजेची मागणी आणि दोहोंना जवळचे स्थान ही निवडीची कारणे होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनपुरवठ्याबाबत हात आखडता घेतला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सशी व्यवस्था करावी लागली. त्यामुळे एका लहान बंदराचे नाव आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चर्चेत अनेक वर्षे गाजत राहिले. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे दोन स्वदेशी संच २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना विस्थापित व्हावे लागले. मासेमारी आणि शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांना मूळ गाव सोडून नव्या वसाहतीत जावे लागले, आणि पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ धुमसत राहिला.

याच काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची 'तारापूर औद्योगिक वसाहत' आकारास आली. नाव तारापूरचे असले तरी ती बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस सालवड, कोलवडे, कुंभवली या गावांच्या परिसरात आहे. १९४२ ला ज्या सालवडने हुतात्मा दिला, त्याच गावाच्या जमिनीवर कारखाने आले. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद या उद्योगांमुळे हजारो कामगार बोईसरला आले. महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आणि परप्रांतांतूनही येथे वस्ती झाली. बोईसर आकाराने शहर झाले, पण त्याचा कारभार ग्रामपंचायतींमध्ये विभागलेलाच राहिला. वाढलेल्या वस्तीला पाणी, रस्ते आणि सांडपाण्याची व्यवस्था पुरविणे या संस्थांच्या शक्तीपलीकडचे होते.

या प्रगतीची किंमत पाण्याने चुकविली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले व देशातील औद्योगिक क्षेत्रांत ते सर्वाधिक प्रदूषित ठरले. खाड्यांत व समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली; २०२२ मध्ये लवादाने दोषी उद्योगांना पर्यावरणीय नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. मच्छीमारांनी कायद्याच्या मार्गाने दिलेला हा लढा परिसराच्या अलीकडच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल.

समुद्र आणि माती

कारखान्यांच्या धुराआड येथील जुनी अर्थव्यवस्था अद्याप टिकून आहे. सातपाटी हे पापलेटसाठी सर्वदूर प्रसिद्ध असून तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी बर्फ, इंधन आणि विक्री यांची व्यवस्था अनेक दशके सांभाळली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला 'राज्य मासा' म्हणून घोषित केले. या घोषणेमागे गौरवाइतकीच काळजीही होती, कारण लहान पिलांच्या बेसुमार मासेमारीमुळे पापलेटचे उत्पादन घटत चालले आहे. केळवे-माहीम पट्ट्यात वाडवळ समाजाने जोपासलेले पानमळे, चिंचणी-वाणगाव परिसरातील दागिन्यांच्या साच्यांचा गृहउद्योग, बहाडोलीची जांभळे आणि शेजारच्या डहाणू-घोलवडचे चिकू यांनीही अनेक घरे चालविली आहेत. जांभूळ व चिकू या दोन्ही फळांना भौगोलिक मानांकन लाभले आहे.

प्रेक्षणीय स्थळे

परिसरातील पर्यटनस्थळे याच इतिहासाच्या खुणा होत. केळव्याचा सुरूच्या बनांनी वेढलेला विस्तीर्ण किनारा, शीतलादेवीचे मंदिर आणि खाडीमुखाजवळचा पाणकोट पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांची गर्दी होते. शिरगावचा किल्ला समुद्रालगत असून बुरूज व तटबंदी यांच्या दृष्टीने तुलनेने चांगल्या स्थितीत आहे. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीत वारली व अन्य आदिवासी समाजांचे श्रद्धास्थान असलेले वाघोबाचे मंदिर आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा आणि जवळचा काळदुर्ग गिर्यारोहकांना आकर्षित करतात. मनोरपलीकडील अशेरीगड आणि सफाळ्याजवळचा तांदूळवाडी हे डोंगरी किल्ले अभ्यासकांना आवर्जून पाहण्यासारखे आहेत. चिंचणीचा किनाराही लोकप्रिय आहे. मात्र तेथे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या गावाच्या ताम्रपटांची माहिती असते. बाजी भिवरावांनी जेथे देह ठेवला, त्या तारापूरकडेही पर्यटक क्वचितच वळतात.

जिल्हानिर्मितीनंतर

१६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची उपनगरीय रेल्वे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि पालघर व बोईसर महानगराच्या कक्षेत अधिक खोलवर गेले. पुढील वर्षी जिल्हा झाला आणि २०२१ मध्ये कोळगाव येथे सिडकोने बांधलेल्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या १२ स्थानकांत बोईसरचा समावेश आहे. चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथील सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. याच बंदरास १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने सशर्त संमती दिली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध मात्र कायम राहिला. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदरकडे नेण्याविरुद्ध स्थानिक शेतकऱ्यांनी केलेली आंदोलनेही याच प्रश्नाशी निगडित आहेत.

निष्कर्ष

इ. स. ९२६ च्या ताम्रपटापासून २०२४ च्या पायाभरणीपर्यंत या किनाऱ्याचा इतिहास एका अर्थाने वर्तुळ पूर्ण करतो. बंदरापासून निघालेले केंद्र रेल्वे, अणुभट्टी आणि कारखाना या मार्गाने पुन्हा बंदराकडे वळत आहे. प्रत्येक टप्प्यावर येथील स्थानाचा लाभ बाहेरच्यांना अधिक आणि भार स्थानिकांना अधिक, हा क्रम राहिला. जिल्ह्याचे मुख्यालय पालघरला येणे ही त्या दृष्टीने वेगळी घटना आहे. निर्णयाचे ठिकाण या मातीत येण्याची शक्यता तिने निर्माण केली. परंतु कचेरी जवळ आली म्हणजे निर्णय जवळ आला असे होत नाही. १९४२ मध्ये किनाऱ्यावरील गावांना आपले म्हणणे मांडण्यासाठी कचेरीपर्यंत चालत जावे लागले होते. कोळगावच्या नव्या इमारतीत सातपाटी, मुरबे, सालवड आणि अक्करपट्टी यांचे म्हणणे न चालता पोहोचते की नाही, यावरच या जिल्ह्याच्या यशाचे मोजमाप व्हावे. दहाव्या शतकातील कारभाऱ्यानेही बंदराच्या उत्पन्नाबरोबर प्रवाशाच्या नावेची आणि अन्नाची सोय पाहिली होती, याचे स्मरण येथे ठेवणे उचित ठरेल.