मोलोगा उयेझ्द : एका बुडालेल्या मुलुखाचें दप्तर

मुलूख आहे पण त्याचें दप्तर नाहीं, ही आपल्याकडील संशोधकाची नेहमींची रड आहे. गांव नांदता असतो, शिवेचे दगडहि जागेवर असतात. परंतु कुळकर्ण्याच्या माळ्यावरचे रुमाल वाळवीनें खाल्लेले असतात. याच्या अगदीं उलट उदाहरण रशियांत पहावयास सांपडतें. तेथें एका उयेझ्दाच्या कसब्यासह त्याचा सखल भाग सरोवराच्या तळाशीं गेला, आणि दप्तर मात्र बव्हंशीं वांचलें. त्याच मुलखांत इस्टेट असलेल्या एका थोर हस्तलिखित-संग्राहकाचा संग्रह जळून खाक झाला, हा त्यांतील दुसरा भाग. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या असतां जुने कागद कशानें टिकतात याचा कांहीं बोध होतो. त्याच हेतूनें यारोस्लाव्ल प्रांतांतील मोलोगा उयेझ्दाची हकीकत येथें मांडीत आहें.

१. चतुःसीमा

मोलोगा हें नांव प्रथम नदीचें, मग तिच्या मुखाशीं वसलेल्या कसब्याचें, आणि शेवटीं त्या कसब्याच्या ठाण्याखालील सगळ्या मुलखाचें. जुन्या कागदांत हे तिन्ही अर्थ येतात. तेव्हां प्रत्येक ठिकाणीं कोणता अभिप्रेत आहे हें पाहूनच पुढें गेलें पाहिजे. ही नदी डाव्या बाजूनें वोल्गेस मिळे. तेथपर्यंत ईशान्येकडे वाहत आलेली वोल्गा त्या संगमाशीं आग्नेयेकडे वळे, आणि सुमारें २० मैलांवर रिबिन्स्क येथें तिला उत्तरेकडून येणारी शेक्स्ना मिळे. मोलोगा व शेक्स्ना यांमधील दुआब अत्यंत सखल होता. दर वसंतांत बर्फ वितळून पूर येई, गाळ पसरे, आणि पाणी ओसरतांच उत्तम गवताचीं कुरणें उभीं रहात. तेव्हां गवत, गुरें, नौका बांधणें व नौका हांकणें हीच तेथील उपजीविकेचीं मुख्य साधनें होत. शेती होती, पण थंड हवा व हलकी जमीन यांमुळें तीवर सर्वांचें पोट भरत नसे. यारोस्लाव्ल प्रांतांतील पुष्कळ पुरुष परवाना घेऊन राजधानीस कामाला जात. हे परवाने पुढें वोलोस्तच्या कचेरींतून मिळत असल्यानें कोण गेला व केव्हां गेला याची नोंद आपोआपच होत असे.

उयेझ्दाच्या पश्चिमेस त्वेर प्रांत, उत्तरेस नोव्हगोरोद प्रांत, आणि उरलेल्या बाजूंस यारोस्लाव्ल प्रांताचेच पोशेखोन्ये, रिबिन्स्क व मिश्किन हे उयेझ्द होते. एकोणिसाव्या शतकांत यारोस्लाव्ल गुबेर्नियाचे एकंदर १० उयेझ्द असत. त्यांपैकीं हा वायव्य कोपऱ्यांतला. कोपऱ्यांतला असला तरी आडवळणी नव्हे. वोल्गेवरून सेंट पीटर्सबर्गला धान्य नेण्याचे जे तीन कृत्रिम जलमार्ग होते, त्यांपैकीं १८११ मध्यें खुला झालेला तिख्विन मार्ग मोलोगा नदीनेंच वर जाई. १८१० मध्यें खुला झालेला मारिइन्स्की मार्ग शेजारच्या शेक्स्नेनें जाई. रिबिन्स्क येथें मोठ्या नौकांतील धान्य लहान नौकांत भरलें जाई, आणि त्या लहान नौकांचा एक ओघ मोलोगा कसब्यावरून पुढें सरके.

या जलमार्गाचा आपल्या देशाशींहि एक धागा जुळतो. चौल बंदरीं उतरून जुन्नर व बेदर येथें राहिलेला अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्वेर येथून वोल्गेनें निघाला. उग्लिच व कोस्त्रोमा हीं त्याच्या वाटेवरचीं गांवें त्यानें स्वतः नोंदलीं आहेत. मोलोगेचें नांव तो घेत नाहीं. परंतु उग्लिचहून कोस्त्रोम्यास जाणाऱ्या होडीस मोलोगेच्या मुखावरून गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. बहमनी दक्षिणेचें वर्णन करणारा हा प्रवासी आरंभींच या संगमावरून गेला, एवढें भूगोलाच्या आधारें निश्चित म्हणतां येतें.

२. कारभार

मोलोगेचा उल्लेख रशियन बखरींत ११४९ च्या युद्धप्रसंगीं येतो. चौदाव्या शतकांत यारोस्लाव्लच्या राजघराण्याच्या वांटणींतून तेथें एक छोटें स्वतंत्र राज्य झालें आणि पुढें तें मॉस्कोच्या सत्तेंत विरालें. सोळाव्या शतकांत मॉस्कोस वकील म्हणून आलेला हेर्बेरश्टाइन यानें या भागांतील खोलोपी नामक ठिकाणच्या मोठ्या जत्रेचें वर्णन १५४९ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. परंतु आपल्याला ज्या उयेझ्दाशीं कर्तव्य आहे तो याहून पुष्कळ अलीकडचा.

कॅथरीन दुसरी हिनें ७ नोव्हेंबर १७७५ रोजीं प्रांतांच्या कारभाराचा नवा कायदा केला. त्यांत इतिहासाकडे किंवा जुन्या राज्यांच्या सीमांकडे न पाहतां डोकीं मोजून मुलूख पाडण्याचें ठरलें. गुबेर्नियांत कर देणारे तीन ते चार लक्ष पुरुष, उयेझ्दांत वीस ते तीस हजार, असें तें माप होतें. या मापानें १७७७ मध्यें मोलोगा हें उयेझ्दाचें ठाणें झालें. त्यापूर्वींच्या कागदांत मोलोगा शब्द आढळला म्हणून तेथें हा उयेझ्द समजूं नये.

ठाण्यावर कापितान-इस्प्राव्निक हा मुख्य अधिकारी असे. त्यास उयेझ्दांतील सरदार-जमीनदार तीन वर्षांकरितां निवडीत, आणि पोलिसी अंमल, रस्ते व करवसुलीची देखरेख त्याजकडे असे. शेजारीं उयेझ्दाचा खजिना व न्यायालय असे. आपल्याकडील मामलेदाराशीं त्याची तुलना करण्याचा मोह होतो. पण मामलेदार सरकारचा नोकर, तर इस्प्राव्निक त्या काळीं जमीनदारांचा निवडलेला माणूस होता. त्याची नेमणूक सरकारकडे गेली ती १८६२ मध्यें.

१९ फेब्रुवारी १८६१ च्या जाहीरनाम्यानें जमीनदारांच्या दास्यांतून शेतकरी मुक्त झाले व त्यांच्यासाठीं खालचा कारभार नव्यानें उभारण्यांत आला. घरकर्त्यांची सभा ती स्खोद, तिचा निवडलेला पाटील तो स्तारोस्ता, आणि अशा कांहीं ग्रामसमाजांचा मिळून एक वोलोस्त. वोलोस्तांत सुमारें ३०० ते २,००० पुरुष असावेत असा नियम होता. त्याचा मुख्य स्तार्शिना निवडून येई. परंतु तो बहुधा अल्पशिक्षित असल्यानें खरी सूत्रें पिसार म्हणजे लेखनिक याच्या हातीं असत. पाटलाच्या नांवें कुळकर्ण्यानें कारभार हांकावा हा प्रकार पाहिलेल्या मराठी वाचकास हें निराळें समजावून सांगावयास नको. वोलोस्तचें स्वतंत्र न्यायालयहि असे. त्यांत शेतकरीच पंच असत व ते रूढीप्रमाणें निवाडा देत. १८६४ मध्यें झेम्स्त्वो नांवाच्या निवडलेल्या स्थानिक मंडळांचा कायदा झाला. शाळा, दवाखाने, रस्ते व शेतीची पाहणी हीं कामें त्यांजकडे आलीं. पुढें १८८९ मध्यें झेम्स्की नाचाल्निक हा सरकारनियुक्त अधिकारी शेतकऱ्यांच्या सभांवर व न्यायालयांवर बसविण्यांत आला, व १८६१ मध्यें दिलेलें स्वातंत्र्य बरेंच आंखडलें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. या कारभारांतील शब्द तेच राहून अर्थ पालटतात. स्तान हा शब्द जुन्या कागदांत उयेझ्दाचा पोटविभाग दाखवितो; १८३७ नंतरच्या कागदांत तोच शब्द पोलिसी ठाण्याची हद्द दाखवितो. वोलोस्त शब्दाचेंहि तसेंच. म्हणून कागदाची तारीख ठरल्यावांचून त्यांतील स्थळ नकाशावर मांडूं नये.

३. कागद

या कारभारानें कागद विपुल निर्माण केले. त्यांत पहिलें स्थान रेविझ्स्कीये स्काझ्की, म्हणजे करदात्यांच्या गणतीच्या याद्या, यांस दिलें पाहिजे. पीटर बादशहाच्या १७१८ च्या हुकुमापासून १८५७-५८ पर्यंत अशा दहा गणत्या झाल्या. त्यांत घरवार नांव, वय व मागील गणतीनंतरचे मृत्यु नोंदलेले असतात. करासाठीं पुरुषच मोजले जात. स्त्रियांचीं नांवें बहुतेक गणत्यांत आहेत, परंतु १८११ च्या सहाव्या गणतींत नाहींत. एका गणतीपासून दुसरीपर्यंत मेलेला मनुष्य कराच्या हिशेबीं जिवंतच राही, आणि या विसंगतीवरच गोगोलची १८४२ ची प्रसिद्ध कादंबरी उभी आहे. याद्या वाचणारानें त्यांतील संख्या म्हणजे प्रत्यक्ष लोकसंख्या असें मानूं नये तें यासाठींच.

दुसरें साधन देवळांतील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्यांचें. तिसरें, १७६० नंतरच्या दशकांत सुरू झालेल्या सरकारी सर्वसाधारण मोजणीचें. तिच्या नकाशांबरोबर जमीन, जंगल, पाणी व घरें यांचीं टिपणें जोडलेलीं असत. चौथें वोलोस्त न्यायालयाच्या निवाड्यांचें, व पांचवें झेम्स्त्वोच्या पाहण्यांचें.

यांतील मुख्य साधनांची प्रत एकाच ठिकाणीं रहात नसे, ही गोष्ट महत्त्वाची होय. गणतीच्या यादीची एक प्रत उयेझ्दाच्या खजिन्यांत व दुसरी प्रांताच्या महसुली कचेरींत जाई. देवळाच्या वहीची एक प्रत देवळांत व दुसरी धर्माध्यक्षाच्या कचेरींत ठेवीत. हें कांहीं इतिहासाच्या प्रेमानें केलें जात नसे. खालच्यानें लबाडी करूं नये म्हणून वरच्यानें नक्कल मागावी, एवढाच त्यांतील हेतु. परंतु सरकारच्या अविश्वासानें जें साधलें तें पुष्कळदां विद्येच्या प्रेमानेंहि साधत नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

४. इलोव्नाचा संग्राहक

मोलोगा उयेझ्दांत इलोव्ना या गांवीं काउंट अलेक्सेय इवानोविच मुसिन-पुश्किन (१७४४-१८१७) यांची इस्टेट होती. रशियन हस्तलिखितांचा एवढा मोठा संग्राहक त्या काळीं विरळा. १७९१ मध्यें ते धर्मसभेचे मुख्य सरकारी अधिकारी झाले आणि त्याच वर्षीं मठांतील ऐतिहासिक हस्तलिखितें मागविण्याचा हुकूम सुटला; त्यामुळें अनेक दुर्मिळ पोथ्या त्यांच्या नजरेखालून गेल्या व कित्येक हातीं आल्या. इगोरच्या स्वारीचें प्रसिद्ध काव्य त्यांनाच सांपडलें. १८०० मध्यें त्यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. १८१२ मध्यें नेपोलियनच्या स्वारींत मॉस्को जळालें, त्यांत त्यांचा वाडा व संग्रह भस्म झाला. त्या काव्याची एकमेव जुनी पोथीहि गेली.

काव्य वांचलें, कारण छापील प्रत होती आणि कॅथरीन राणीसाठीं केलेली एक नक्कल होती. ती नक्कल १८६४ मध्यें प्रसिद्ध झाली. पण अस्सल नाहीसें झाल्यानें त्याच्या खरेपणावरच वाद माजला व तो दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं झालिझ्न्याक या भाषाशास्त्रज्ञानें त्यांतील भाषेची कसून छाननी करून तें अठराव्या शतकांत रचलेलें बनावट काव्य असणें जवळजवळ अशक्य असल्याचें दाखवून दिलें, तेव्हां बहुतेक अभ्यासकांचें समाधान झालें. याउलट १३७७ मधील लाव्रेन्ती बखरीची पोथी मुसिन-पुश्किन यांनीं झार पहिला अलेक्झांडर यास नजर केली व १८११ मध्यें ती सार्वजनिक ग्रंथालयांत पोंचली. अग्निप्रलयाच्या अवघें एक वर्ष आधीं! व्लादिमिर मोनोमाखचा आपल्या मुलांस केलेला उपदेश केवळ याच पोथींत आहे. ती वाड्यांत राहिली असती तर तिची अस्सल प्रत आज कोणास पहावयास मिळाली नसती. जें दिलें तें राहिलें, जें जपलें तें जळालें. संग्राहकाच्या निष्ठेविषयीं शंका नाहीं. दोष एकाच ठिकाणीं एकच प्रत ठेवण्याच्या रीतीचा. त्यांचा देह इलोव्ना येथेंच पुरला गेला, आणि तें स्थळहि पुढें पाण्याखालीं गेलें.

५. जलप्रवेश

राज्यक्रांतीनंतर १९२० च्या दशकांत उयेझ्द व वोलोस्त हीं नांवें मोडून रायोन ही नवी वांटणी आली; १९३६ मध्यें यारोस्लाव्ल ओब्लास्त स्थापन झाला. १९३५ मध्यें रिबिन्स्क येथें वोल्गेस बांध घालण्याचा निर्णय झाला. वीज निर्माण करावी व वोल्गेवरील नौकानयन खोल पाण्यानें निर्वेध व्हावें, असे त्याचे हेतु होते. प्रथम जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ९८ मीटर धरली होती; १९३७ च्या आरंभीं ती १०२ करण्यांत आली. चार मीटरांचा हा फरक डोंगराळ मुलखांत क्षुल्लक ठरता. या सपाट दुआबांत त्यानें बुडीत क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालें व मोलोगेचें भवितव्य ठरलें.

लोकांनीं आपलीं लांकडी घरें खोलून, ओंडक्यांचे तराफे करून नदीनें रिबिन्स्ककडे नेलीं. सुमारें १,३०,००० लोक हलविण्यांत आले असें सांगतात. बांधाच्या कामावर तुरुंग-छावणींतील कैदी राबले व त्यांतील बहुत मेले. १३ एप्रिल १९४१ रोजीं पाणी अडविण्यास आरंभ झाला. पूर्ण पातळी १९४७ मध्यें आली. सरोवराचें क्षेत्र सुमारें ४,५८० चौरस किलोमीटर भरलें. महायुद्धांत येथील विजेनें मॉस्कोस मोठें साह्य केलें, हेंहि येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

कांहीं रहिवाशांनीं स्वतःस घरांशीं साखळ्यांनीं जखडून जलसमाधि घेतली, अशी कथा सर्वत्र ऐकूं येते. ती एका कथित अहवालावर आधारलेली असून त्या अहवालाच्या विश्वसनीयतेवर अभ्यासकांनीं आक्षेप घेतले आहेत. तेव्हां ती हृदयद्रावक आहे एवढ्यावरून इतिहासांत घेणें योग्य नव्हे. घर सोडून गेलेल्या लक्षावधि लोकांचें दुःख सिद्ध करण्यास या कथेची गरजहि नाहीं.

उयेझ्दाचा जो उंच भाग कोरडा राहिला, तो आज ब्रेयतोवो, नेकोउझ इत्यादि रायोनांत वांटला गेला आहे. पाणी फार उतरलें म्हणजे कसब्याचे पाये व फरसबंदी उघडी पडते. १९९५ मध्यें रिबिन्स्क येथें मोलोगेचें संग्रहालय उघडण्यांत आलें.

६. उपसंहार

आज बुडालेल्या एखाद्या गांवीं कोण रहात होतें, कोणाचें कुरण कोठवर होतें, कोणत्या साली कोणता तरुण परवाना घेऊन राजधानीस गेला, हें विचारावयाचें तर तळाशीं उत्तर नाहीं. तें प्रांताच्या ठाण्यास पाठविलेल्या दुसऱ्या प्रतींत आहे. मोलोगेच्या पिसारानें कंटाळत, वरिष्ठांच्या भीतीनें उतरून काढलेली नक्कल हीच त्या गांवची उरलेली जमीन होय.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं एकमेव प्रतीचे कागद आहेत. ते दुसऱ्यास दाखविले तर त्यांचें मोल कमी होईल अशी भीति पुष्कळांस वाटते. मुसिन-पुश्किन यांच्यासारख्या रसिक, धनवान व अधिकारसंपन्न पुरुषासहि आपल्या वाड्याची शाश्वती देतां आली नाहीं. मग आमच्या पेटाऱ्यांची काय कथा? प्रत्येक रुमालाची एक नक्कल घराबाहेर, शक्य तर गांवाबाहेर, ठेवावी आणि अस्सलाची तारीख, ठिकाण व धनी यांची नोंद तीवर करावी. एवढें या दूरच्या उयेझ्दाच्या हकीकतीवरून घेतलें, तरी ती सांगण्याचे श्रम सार्थकीं लागले असें समजेन.